फळ्याची उजवी बाजू

समजा, तुम्हीही त्या सतरंजीवर मांडी घालून बसला आहात. रविवारची सकाळ आहे. बेंगळुरूच्या जयनगरमधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर मराठीचा वर्ग भरतो आहे आणि शिकवणाऱ्या वासंतीअक्का फळा पुसत आहेत. आता दाराकडे बघा. नऊ वर्षांची भार्गवी चपला काढून आत आली आहे, पण नेहमीसारखी पुढे न येता तिथेच दाराशी बसली आहे.

तिचे वडील सुधींद्र उंबऱ्यापाशी घुटमळले.

"अक्का, आजचा दिवस बसते म्हणाली. पुढच्या रविवारपासून येणार नाही."

"का रे?"

"सांगत नाही. आठवडाभर घरीसुद्धा कन्नडच बोलते आहे. मी मराठीत विचारलं तरी उत्तर कन्नडमध्ये. तुम्हीच बघा काय ते."

ते जिना उतरून गेले. वर्गात अकरा मुलं होती. बहुतेक व्हाइटफील्डहून येणारी, पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी आलेल्या आई-वडिलांची. तीन पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या घरातली एकटी भार्गवीच. अक्काही तशाच घरातल्या.

तेवढ्यात अर्णव धापा टाकत आला.

"ए स्वल्पविराम, सरक ना! दारात काय बसलीस?"

पोरं खिदळली. भार्गवी मुकाट्याने सरकली. अर्णवने अक्कांकडे पाहिलं आणि तो हसला. त्याही या गमतीत सामील आहेत, अशी त्याला खात्रीच होती.

अक्कांचा फळा पुसणारा हात थांबला.

मागच्या रविवारी भार्गवी घरची गोष्ट सांगत होती. यशवंतपूरच्या बाजारातून येताना स्कूटरवरचं कांद्यांचं पोतं सुटलं आणि कांदे रस्ताभर पळाले. "अण्णांनी गाठ स्वल्पच आवळली होती," असं ती वडिलांबद्दल म्हणाली आणि अक्का मोठ्याने हसल्या. सगळ्यांच्या आधी. मुलं हसली ती त्यानंतर. अक्कांची आई असंच बोलायची: स्वल्प मीठ घाल, स्वल्प थांब गं. 'थोडं' म्हणायला तिला कन्नड शब्दच जवळचा वाटायचा. आई जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि मराठी वाक्यात इतक्या सहज आलेला तो शब्द अक्कांच्या कानांवर त्यानंतर पहिल्यांदाच पडला होता. हसता हसता त्यांनी डोळे पुसले होते. पण भार्गवीला दिसलं ते हसणारं तोंड. कांदे रस्त्यावरच राहिले, गोष्ट पुढे गेलीच नाही. आणि हे अक्कांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यांनी फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली.

"आज हसण्याचे शब्द सांगायचे. आनंदाचं हसणं डावीकडे, दुसऱ्याला टोचणारं उजवीकडे."

मुलांना चेव आला.

"खुदकन!"

"खळखळून! गालातल्या गालात!"

"टिंगल! खिल्ली! टर उडवणं!"

"फिदीफिदी कुठे लिहायचं?" अर्णवने विचारलं.

"तूच सांग की, तुझंच आहे ते," केतकी म्हणाली.

"हो का? अक्का, दात काढणंपण लिहा. ते हिचं."

'थट्टा' कुठल्या बाजूला लिहायची, यावरून भांडण जुंपलं. शेवटी केतकीच म्हणाली, "दादाने माझी थट्टा केली तर मला चालते. दुसऱ्याने केली की नाही चालत." अक्कांनी थट्टा बरोबर रेघेवर लिहिली.

मग त्या वळल्या. "एक हसणं राहिलं. मागच्या रविवारी भार्गवी गोष्ट सांगत होती, तेव्हा मी हसले. ते कुठे लिहू?"

"डावीकडे!" अर्णव घाईने म्हणाला. "गंमतच तर होती."

"तुला नाही विचारलं, राजा. तिला विचारते आहे."

भार्गवी सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. बोटाचं टोक लाल झालं. खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली आणि दूर गेली.

"उजवीकडे," ती म्हणाली.

आईचं नाव अक्कांच्या ओठांपर्यंत आलं. दोन वाक्यांत सगळं सांगून टाकता आलं असतं, आणि मग पोरीला मान हलवून 'बरं' म्हणावंच लागलं असतं. अक्कांनी ओठ मिटले. उजव्या बाजूला, टिंगल आणि खिल्लीच्या खाली, त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: अक्कांचं हसणं.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "तू आज आली नसतीस, तर मला हे कधीच कळलं नसतं. फार उपकार झाले गं माझ्यावर."

मोठं माणूस असं बोलल्यावर काय करायचं असतं, ते मुलांना सुचेना. अर्णव आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला.

"मग माझंपण तिकडेच लिहा," तो पुटपुटला.

अक्कांनी लिहिलं. मग त्या वाचनाचं पुस्तक उघडून खुर्चीत बसल्या आणि धडा शोधू लागल्या.

दाराशी हालचाल झाली. भार्गवी उठली, मुलांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पुढे आली. फळ्याची उजवी बाजू तिने वरपासून खालपर्यंत वाचली. मग ती अक्कांच्या खुर्चीपाशी गेली.

"पण अक्का, तुम्हाला तेव्हा हसू कशाचं आलं होतं?" तिने विचारलं, आणि उत्तर ऐकायला ती तिथेच, त्यांच्या पायांशी, मांडी घालून बसली.