सगळ्यांना एकच डिस्ट्रो

सकाळी अकरा वाजता वाचनालयाच्या कोपऱ्यातला बोलणारा संगणक मुका झाला.

मित्रांनो, मी त्याच इमारतीच्या जिन्याखाली राहणारा एक जुना सर्व्हर आहे. इथले सगळे संगणक माझ्या हाताखाली चालतात. मी आज्ञा सोडली की ती प्रत्येकापर्यंत पोहोचते. आम्ही लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीवर चालतो. लिनक्सचे अनेक प्रकार असतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. मला इथे बसवणाऱ्या तंत्रज्ञाने सगळ्यांसाठी एक शांत, सावकाश बदलणारी डिस्ट्रो निवडली होती. तेव्हा ग्रंथपालबाई पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायच्या. पुढे तो तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला. माझ्या डोक्यावर चहाचे कप येऊ लागले, जाळीत धूळ साचली आणि आमच्या डिस्ट्रोच्या कर्त्यांनी तिच्या दुरुस्त्या थांबवल्या.

नवी निवडणं भागच होतं. नवे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी बऱ्याच डिस्ट्रो तपासल्या. पण सगळ्या एकाच संगणकावर, तोही त्यांचा स्वतःचा, नवाकोरा.

"लोण्यासारखी चालतेय," ते बाईंना म्हणाले. "हीच सगळीकडे टाकू. दर टेबलावर वेगळं सोंग कोण सांभाळणार?"

बाईंनी मान डोलावली. आज सकाळी ती आज्ञा माझ्याच तोंडून गेली.

कोपऱ्यात एक मुलगी वकिलीचा अभ्यास करते. तिला दिसत नाही. संगणक तिला पुस्तकं वाचून दाखवतो. सोमवारी तिची परीक्षा आहे.

"दादा, तुमचा पोपट रुसला की काय?" तिने हेडफोन काढून विचारलं.

"थांब गं वकीलताई. नवा आहे, लाजतोय."

"लाजू दे. पण मग सोमवारी पेपरला त्यालाच बसवा."

दादा हसले. तासाभराने हसेनासे झाले. तिला वाचून दाखवणारा आवाज पहिल्या तंत्रज्ञाने जुन्या डिस्ट्रोसाठी स्वतः जुळवला होता. नव्या डिस्ट्रोतला आवाज दादांनी सुरू केला, पण तो कलमांचे आकडे गिळत होता. दादांनी सगळं इंटरनेट पालथं घातलं, जुना मिळाला नाही. मुलगी कळफलकावर बोटं ठेवून तशीच बसून राहिली.

मित्रांनो, अनेकांसाठी एक निवड करायची असेल, तर आधी प्रत्येकाच्या खुर्चीत एकदा बसून पाहा. आम्ही यंत्रं तक्रार करू शकत नाही.

त्या आवाजाची प्रत माझ्या डिस्कवर आहे. पहिल्या तंत्रज्ञाने तो आवाज कोपऱ्यातल्या संगणकावर इथूनच पाठवला होता. दादांना हे माहीत नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा, आणि कळशाला वाचा नाही.

"आता ते जिन्याखालचं जुनं खोड तेवढं उरकून टाका," बाई दुपारी म्हणाल्या. दादांनी मला नव्या डिस्ट्रोचा पेनड्राइव्ह लावला. माझ्या पडद्यावर आता प्रश्न आहे: या डिस्कवरचं सगळं पुसायचं का? तेवढ्यात दादांचा फोन वाजला, म्हणून ते बाहेर गेले. अजून परतलेले नाहीत.