भूकंपाने उचललेली फरशी

धंद्यात मला सगळे भूकंप म्हणतात. तीस वर्षं पाडकाम केलं. भिंती, जिने, पाण्याच्या टाक्या, एकदा तर अख्खं थिएटर. सकाळी उभी असलेली वस्तू संध्याकाळी ट्रकमध्ये भरलेली दिसली की मला गाढ झोप लागायची. तो राडारोडा पुढे कुठे जातो याची मी कधी फिकीर केली नाही. गावाबाहेर एवढा मोठा खड्डा मग कशाला ठेवलाय?

माझी लेक मात्र आर्किटेक्ट झाली, म्हणजे मी पाडणार आणि ती बांधणार. तिचं स्वतःचं पहिलं काम म्हणजे एका शाळेच्या वाचनालयाची दुरुस्ती. शाळेच्या मोठ्या बाईंनी अट घातली होती, की खड्ड्याकडे एकच ट्रक जाईल, दुसरा जाणार नाही. लेकीने अट मान्य केली आणि पाडकामाला मला घेतलं. तिच्या भागीदाराने नाक मुरडलं म्हणे. भूकंपाला बोलावून कचरा कमी कसा होणार? मला ते फार लागलं, कारण त्याचं काही चुकलं नव्हतं. मला एकच हवं होतं. पुढच्या कामालाही पोरीने मला बोलवावं, आणि बाप म्हणून नाही, कामाचा माणूस म्हणून बोलवावं.

पहिल्याच दिवशी तिने दाराशेजारी एक कागद चिकटवला. जे मोडायची गरज नाही ते मोडू नका. काढावंच लागलं तर आहे तसं परत वापरा. तसं होत नसेल तर दुरुस्त करून दुसऱ्या कामी लावा. तेही जमत नसेल तर दळायला किंवा वितळवायला द्या. काहीच जमलं नाही तर ट्रक.

"वरून खाली वाचायचं, बाबा," ती म्हणाली.

"मी पण शाळेत गेलोय," मी म्हणालो.

ती दोन दिवस लाकूड बघायला बाहेरगावी गेली आणि मी बाह्या सरसावल्या. खिडक्या चौकटीसकट काढल्या. मधली भिंत विटेविटेने उतरवली, प्रत्येक वीट खरवडून साफ केली. माझी दोन माणसं माझ्याकडे बघतच राहिली. घण कोपऱ्यात पडून होता आणि मी पातळ छिन्नीने टुकटुक करत बसलो होतो. मग राहिली फरशी. फरशीचं लेक काही बोलली नव्हती. पण तीस वर्षांत मी फरशी मागे ठेवून कुठून बाहेर पडलो नव्हतो. जुन्या, काळ्या-पिवळ्या चारशे बारा फरशा. तळहातावरच्या फोडासारखं जपत एकेक उचलली, धुतली, भिंतीला टेकवून उभी केली. एकही फुटली नाही. त्या संध्याकाळी घरी मी इतका मिरवत होतो की बायको म्हणाली, "जरा कमी फुगा, दारातून आत यायला जमणार नाही."

तिसऱ्या दिवशी लेक आली. दारातच थांबली आणि पायरीवर बसली.

"बाबा, ही फरशी राहणार होती. तिला काहीच झालं नव्हतं."

"एकही फुटली नाही," मी म्हणालो. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"दिसतंय. पण खालचा थर सगळा निघालाय. भिंतीच्या गिलाव्यानेच ट्रक भरत आलाय. हे कुठे टाकायचं?"

मी कागदाकडे बघितलं. पहिली ओळ मी वाचलीच नव्हती असं नाही. ती माझ्यासाठी नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. पाडणाऱ्याला पाडू नका सांगून काय उपयोग? माझं काम दुसऱ्या ओळीपासून सुरू होतं, अशी माझी समजूत. मान खाली गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

मी वाळूची चाळणी मागवली. खालचा थर जुन्या चुन्याचा होता, हाताने चुरडला जात होता. चार दिवस मी तो चाळला. तोंडाला फडकं बांधून, नाकाडोळ्यात धूळ घेऊन. बारीक माल एकीकडे, खडे एकीकडे. खडे अंगणातल्या वाटेखाली गेले. बारीक मालात थोडा नवा चुना कालवून तोच पुन्हा फरशीखाली घातला. फरशा मीच बसवल्या. शेजारी बसून गवंडी मला शिकवत होता, म्हणजे ओरडत होता. उचलताना क्रम लिहून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. पण दाराजवळच्या फरशा पायांनी झिजून पातळ झालेल्या असतात, हे बोटांना कळत होतं. पातळ दाराकडे, जाड भिंतीकडे. गुडघे बोंबलत होते, तरी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लावून मी उठलो आणि मला फार बरं वाटलं.

ट्रक एकच गेला. मोठ्या बाई वाचनालयात फिरल्या आणि म्हणाल्या, "फरशीला हात लावला नाहीत, हे चांगलं केलंत." लेकीने माझ्याकडे बघितलं नाही. तिचे खांदे मात्र हसत होते.

महिनाभर तिने पुढच्या कामाचा विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. विचारणार कोणत्या तोंडाने?

मग एका सकाळी ती मला एका रिकाम्या वसतिगृहात घेऊन गेली. भागीदार तिथे आधीच उभा होता. लेकीने माझ्या हातात खडू दिला. "काय पाडायचं ते यावेळी आम्ही ठरवलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

मी तीन तास फिरलो. भिंतींवर थापा मारल्या, कठडे हलवून बघितले, दारं उघडून मिटली. जिथे हात शिवशिवला तिथे थांबलो आणि गरज आहे का ते पुन्हा बघितलं. शेवटी गच्चीवरच्या तडकलेल्या टाकीवर फुली मारून खाली आलो.

"वरची टाकी," मी म्हणालो.

"एवढंच?" भागीदाराने विचारलं.

"एवढंच."

तो पुन्हा एकदा बघून यायला जिन्याकडे निघाला. "गरज नाही," लेक म्हणाली आणि तिने वहीत टाकी लिहून घेतली.