पर्व्हिसची भट्टी

तुरुंगातल्या भेटीत रॉस्को माणसांची चौकशी फारशी करत नसे. कोण गेलं, कुणाला मूल झालं, हे बहीण अर्नेस्टीन आपणहून सांगायची आणि तो नुसती मान डोलवायचा. मग टेबलावर कोपरं टेकून हळूच विचारायचा, "मिस ओपलकडे लिंबाचा तो गोड पाई मिळतो का गं अजून?"

"मिळतो की."

"वरचा अंड्याचा फेस तेवढाच उंच?"

"तेवढाच."

मिस ओपलला पुरून तेव्हा दुसरा उन्हाळा चालू होता आणि तिच्या दुकानात कुणीतरी मोबाइल दुरुस्त करत बसलं होतं. अर्नेस्टीनच्या तोंडून पहिल्यांदा ते निघालं ते नकळतच. पण भावाचा चेहरा असा काही उजळला की शब्द मागे घ्यायचा धीर तिला झाला नाही. पुढे नवा हायवे पिकेट्सबर्गच्या बाहेरून गेला, शेंगदाण्याचा कारखाना बंद पडला आणि त्यामागोमाग गावातली खाण्याची ठिकाणं एकेक करून मिटली. अर्नेस्टीन मात्र भेटीच्या खोलीत बसून ती सगळी चालू ठेवत राहिली.

रॉस्को आत गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. दोन मित्रांबरोबर तो म्हाताऱ्या टॉलिव्हरच्या किराणा दुकानात चोरी करायला गेला आणि त्याच्या हातातल्या पिस्तुलाने टॉलिव्हर मेला. पिस्तूल झटापटीत चुकून सुटलं, असं त्याने कोर्टात सांगितलं, आणि आईलाही. कोर्टाने जन्मठेप दिली. आईने मात्र विश्वास ठेवला आणि मरेपर्यंत रोज गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना केली.

आता तो साठीला टेकला होता आणि घशात कॅन्सर होता. आता फार दिवस नाहीत म्हणून त्याला घरी सोडलं. अर्नेस्टीन गाडी घेऊन त्याला आणायला गेली. कपड्यांची एक पिशवी मांडीवर घेऊन तो शेजारी बसला. डॉक्टरांनी पातळच द्यायला सांगितलं होतं. घरी तिने सूप करून ठेवलं होतं.

"आधी गावातून एक चक्कर मार," तो म्हणाला. आवाज खरवडल्यासारखा येत होता.

"दमलायस. उद्या जाऊ."

"टीन, मी इतकी वर्षं बसूनच होतो. दमायला काय झालंय?"

तिने गाडी कोर्टाच्या चौकाकडे वळवली. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्यांचा चौकातला दगडी शिपाई बंदूक टेकून उत्तरेकडे तोंड करून उभा होता. शनिवारची दुपार असून आसपास चिटपाखरू नव्हतं. दुकानांच्या काचांवर आतून कागद चिकटवलेले.

"याला बरा कुणी हात लावला नाही," रॉस्को शिपायाकडे बघत म्हणाला.

"त्याला जेवायला लागत नाही ना."

तो हसला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो काचेला नाक लावून बघायला लागला. बिलियर्डच्या अड्ड्याची मागची खिडकी विटांनी बुजवलेली होती. लहानपणी काळ्या पोरांना त्याच खिडकीतून सॉसेजचे पाव मिळायचे, कारण आत बसायची सोय गोऱ्यांपुरती होती. रेल्वे स्टेशनला कुलूप होतं. त्याच्यासमोर उकडलेल्या शेंगांची कढई ठेवून मिस्टर लूथर बसायचा, तिथे गवत कमरेएवढं वाढलेलं. मिस ओपलच्या दारावर मोबाइलचं चित्र होतं, आणि आता तेही उन्हाने उडालेलं.

"लूथर नाही आला आज?"

अर्नेस्टीनने गाडीचा वेग कमी केला.

"टीन. किती वर्षं झाली?"

"लूथरला? खूप झाली. ओपल त्याच्याही आधी गेली." तिने गाडी कडेला लावली. "मी तुला खोटं सांगत होते, रॉस्को. सगळंच."

त्याने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "सुटून जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचो, माझ्या गावावरून जा आणि ओपलकडचा पाई खा. एखादा खरंच आला असेल बघ. इथे उभा राहून मला शिव्या घातल्या असतील."

"आणि भट्टीवर मांस भाजणारा पर्व्हिस?" त्याने शेवटी विचारलं.

"तोही गेला," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. पर्व्हिस खरंच वारला होता.

पण कारखान्याकडून वळताना तिच्या बाजूच्या उघड्या खिडकीतून धूर आत आला. हिकरीच्या लाकडाचा, चरबी ठिबकल्यावर येतो तसा जड, गोडसर धूर. रॉस्कोने डोळे मिटले.

"हा धूर कुठला मग?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "भट्टी चालू आहे. पर्व्हिसने जाताना लव्हॉनला दिली. लव्हॉन टॉलिव्हरला. बाप गेल्यावर त्यांचं दुकान बुडालं, तेव्हा ती पोर पर्व्हिसकडे ताटं धुवायला लागली होती. ती तिथेच राहिली."

"कोर्टात पांढरे मोजे घालून बसायची ती?"

"तीच."

"घरी चल," रॉस्को म्हणाला.

तिने ऐकायला हवं होतं. पण इतकी वर्षं नुसत्या शब्दांनी वाढलेली सगळी ताटं तिच्या डोळ्यांसमोर आली. निदान एक घास तरी खरा पडू दे याच्या पोटात, असं तिला वाटलं. तिने गाडी भट्टीसमोर चिंचोळ्या सावलीत उभी केली आणि तो "नको" म्हणत असतानाच ती उतरली.

आत चार-पाच गिऱ्हाइकं होती. लव्हॉन फळीवर डुकराचं मांस दोन सुऱ्यांनी बारीक करत होती. केस पिकायला लागलेले, हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले. बाजारात, चर्चच्या जेवणात दोघी एकमेकींना नमस्कार करत आल्या होत्या, पण या दारातून अर्नेस्टीन कधी आत आली नव्हती.

"मिस अर्नेस्टीन."

"एक प्लेट दे, लव्हॉन. बांधून."

लव्हॉनने सुऱ्या खाली ठेवल्या आणि तिच्या खांद्यावरून बाहेरच्या गाडीकडे पाहिलं. "मला तुरुंगातून फोन आला होता. आज सोडणार म्हणून."

"तो फार आजारी आहे."

"तेही सांगितलं त्यांनी. बांधून मी देणार नाही. त्याला खायचं असेल तर इथे येऊन बसायला सांगा. मी वाढते."

अर्नेस्टीनने गाडीपाशी जाऊन सांगितलं. रॉस्कोने जरा वेळ समोर पाहिलं, मग दार उघडलं. तो खुरडत आत आला तसं बोलणं थांबलं. खिडकीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने टोपी घातली आणि अर्धं जेवण टाकून तो निघून गेला.

लव्हॉनने रॉस्कोसमोर ताट ठेवलं. मांस, कॉलर्डची पालेभाजी, पांढऱ्या पावाचे दोन तुकडे. मग पुढची खुर्ची ओढून ती स्वतः बसली.

"माझे वडील दर शनिवारी दुकान बंद करून हेच खायला यायचे," ती म्हणाली. "खा."

रॉस्कोने काटा उचलला. "मिस लव्हॉन, मी—"

"माफी मागू नकोस. मला एकच विचारायचंय. कोर्टात कुणी विचारलं नाही आणि मी लहान होते. ते शेवटचं काय बोलले?"

रॉस्कोने काटा ताटाच्या कडेला ठेवला. अर्नेस्टीन भिंतीशी उभी होती. तिला वाटलं, हा म्हणेल की काही बोलले नाहीत, सगळं पटकन झालं.

"म्हणाले, 'अरे, तू इर्माचा मुलगा ना?'" रॉस्को म्हणाला. "माझ्या तोंडावर रुमाल बांधलेला होता. तरी ओळखलं."

"मग?"

"मग मी गोळी घातली."

"चुकून?"

"नाही, मॅडम. ओळखलं म्हणून."

भट्टीत एक लाकूड कोसळलं. कुणीच तिकडे पाहिलं नाही. लव्हॉनचा चेहरा जराही हलला नाही. फक्त टेबलावरचे हात तिने मांडीवर घेतले.

"खा," ती पुन्हा म्हणाली.

तो खायला लागला. पहिला घास त्याने तोंडात बराच घोळवला आणि मान वाकवून खाली ढकलला. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. तिसरा नाकातून परत आला. त्याने तो रुमालाने पुसला आणि चौथा घेतला.

"लव्हॉन, त्याला गिळता येत नाही गं," अर्नेस्टीन म्हणाली.

"मला दिसतंय."

भावाच्या हातून काटा काढून घ्यावा म्हणून अर्नेस्टीन एक पाऊल पुढे आली. पण त्याने हात आडवा धरला. कुणी सांगत नव्हतं तरी तो खात होता. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या. शेवटी पावाच्या तुकड्यावर लाल थेंब पडला. तेव्हा लव्हॉन उठली, तिने त्याच्यासमोरून ताट ओढून घेतलं, उरलेलं कचऱ्याच्या डब्यात खरवडलं आणि भट्टीकडे तोंड करून उभी राहिली. ते दोघं बाहेर पडेपर्यंत ती वळली नाही.

गाडीशेजारी रॉस्कोने सगळं ओकून टाकलं. अर्नेस्टीनने त्याचं कपाळ धरलं, तोंड पुसलं आणि त्याला आत बसवलं. नदीच्या पुलावर आल्यावर ती बोलली.

"आईला तू चुकून म्हणाला होतास."

"हो."

"ती ते खरं मानूनच गेली. मीही तेच धरून बसले होते."

"माहीत आहे मला, टीन."

घरी तिने सूप गरम केलं, पण त्याने तोंड फिरवलं. त्यानंतर तो पानगळीपर्यंतही टिकला नाही. अर्नेस्टीनने त्याचं सगळं केलं. नळीतून दूध घातलं, चादरी बदलल्या, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याची कूस पालटली. बोलली मात्र कामापुरतंच. एकदा त्याने विचारलं, "चिडलीयस?" ती म्हणाली, "पाय वर घे." एवढंच. तो गेला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती.

या गावात कुणी गेलं की घरात ठेवायला जागा उरणार नाही इतकी जेवणाची भांडी शेजारून येतात. या वेळी पास्टरच्या बायकोने एक केक पाठवला. दुसरं कुणी आलं नाही, आणि अर्नेस्टीननेही कुणाची वाट पाहिली नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा पोस्टाच्या पायरीवर लव्हॉन भेटली. दोघी थांबल्या.

"मिस अर्नेस्टीन, मला वाटायचं एकदा कळलं की झोप लागेल," लव्हॉन म्हणाली.

"नाही लागत?"

"आधी वडील माझ्या स्वप्नात गप्प असायचे. आता हसून विचारतात, तू इर्माचा मुलगा ना म्हणून. ओळखीचं पोर दिसल्यावर विचारतात तसं."

अर्नेस्टीनने रेलिंग धरलं. तिच्या आईचं नाव ते. टॉलिव्हर तिलाही दुकानात तसंच हाक मारायचा, इर्माची मुलगी म्हणून, आणि बरणीतून पेपरमिंटची गोळी काढून द्यायचा. हे लव्हॉनला सांगावं असं तिच्या ओठांवर आलं, पण सांगून तिचं भलं होईल की आणखी वाईट, ते तिला ठरवता येईना.

"थंडी वाढलीय," ती म्हणाली. "जपून जा."

"तुम्हीही," लव्हॉन म्हणाली आणि तिच्यासाठी पोस्टाचं दार धरून उभी राहिली.