हा काय अवतार!

मी अवतारांचे फोटो काढते. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आभासी जगात लोक स्वतःची जी आकृती करून फिरतात, तिचे. तिथे माझा स्टुडिओ आहे. एक खोली, मागे राखाडी पडदा, तीन दिवे, चार खुर्च्या. मी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलेली असते, गिऱ्हाईक आपापल्या घरी, आणि भेटतो आम्ही त्या खोलीत. माझा नवरा ह्याला ‘बाहुल्यांचे फोटो’ म्हणतो. त्याला समजावणं मी सोडून दिलंय. त्याआधी दहा वर्षं मी खऱ्या स्टुडिओत खऱ्या माणसांचे फोटो काढले. खरी माणसंही छळतात, पण निदान ऐन फोटोच्या वेळी गुडघ्यापर्यंत जमिनीत जात नाहीत.

त्या रविवारी सकाळी अकराची वेळ एका कुटुंबाला दिली होती. तीन भावंडं, तिघं तीन शहरांत, आणि आई चौथ्या शहरात, एकटी. आईला पंच्याहत्तरावं लागणार होतं. गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपत नाही, आणि ह्या तिघांना एकाच वेळी सवड होत नाही. म्हणून सगळ्यांनी निदान माझ्या आभासी स्टुडिओत जमावं, एक फॅमिली फोटो काढावा आणि मोठा करून आईच्या भिंतीवर लावावा, असं ठरलं. कल्पना चांगली होती. कल्पना सगळ्यांच्याच चांगल्या असतात.

थोरले पावणेअकरालाच हजर. मोठ्या ऑफिसातून साहेब म्हणून निवृत्त झालेले, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नव्हती. “मॅडम, सव्वाअकरापर्यंत आटपलं पाहिजे,” ते म्हणाले. हे सांगताना ते माझ्या दिव्यावर उभे होते. दिव्याजवळ नव्हे, दिव्यावर.

मग मधली बहीण आली. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, अवतार फार तर बाविशीचा. कमरेपर्यंत केस घेतले होते, पण केस दिसायला जरा वेळ लागतो. तोवर त्या टकल्याच उभ्या होत्या.

“अगं, तब्येत बरी आहे ना तुझी?” थोरल्यांनी घाबरून विचारलं.

आणि धाकटा अस्वल होऊन आला. चांगलं आठ फुटी, तपकिरी.

“हा काय अवतार!” थोरले कडाडले.

“दादा, इथे सगळे अवतारच असतात.”

“आईच्या भिंतीवर अस्वल लावायचं का?”

“आवडेल तिला.”

“तुला काय कळणार तिला काय आवडतं? फोन तरी करतोस का महिन्यातून एकदा?”

“तू करतोस ना. गोळ्या घेतल्यास का, एवढं विचारून ठेवतोस.”

मी घसा खाकरून म्हटलं, अस्वल चालेल, फक्त मागे उभं राहू दे, नाहीतर ह्यांचं पोट पुढच्यांच्या डोक्यातून बाहेर येईल. बाविशीच्या बाई म्हणाल्या, मग मी खुर्चीत बसणार नाही. त्यावरून दहा मिनिटं गेली. आईच्या उजव्या हाताला कोण, ह्यावरून आणखी दहा. मी तोवर दिवे चारदा लावले आणि चारदा थोरले त्यांतून चालत गेले.

मग आई आली.

म्हणजे ह्यांनी केलेली आई आली. मागे पांढरा अंबाडा, जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर शाल, पाठीला हलकंसं पोक. थोरले आणि बहीण दोघांनी मिळून आठवडाभर खपून ती आकृती केली होती. “हुबेहूब आहे की नाही?” बाईंनी मला विचारलं. मी खऱ्या आईला पाहिलं नव्हतं, त्यामुळे ‘छान’ म्हणून मोकळी झाले.

“आई, ऐकू येतंय का? वरचा बाण दाब,” थोरले.

“वरचा, आई. माऊस नको. माऊस सोड,” बाई.

“आई, तुझ्या उजवीकडे. तुझ्या. माझ्या नव्हे,” अस्वल.

म्हातारी गेली ती थेट भिंतीकडे, आणि भिंतीला नाक लावून चालतच राहिली.

“दाबतेय रे बाबांनो,” ती म्हणाली. “जीव घ्याल का आता?”

तो आवाज ऐकला आणि कीबोर्डवर माझा हात थबकला.

हा आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. दीड वर्ष माझ्या ह्याच स्टुडिओत एक बाई येत होत्या. उंच, ताठ, चाळिशीच्या, केस मानेपर्यंत कापलेले, पायात चिखलाचे बूट. आम्ही सगळे त्यांना बागवाली म्हणायचो, कारण पलीकडच्या टेकडीवर तिघी मैत्रिणींबरोबर त्यांनी एक भलीमोठी बाग उभी केली होती. त्यांचे सहा फोटो मीच काढले होते. भिंतीवर चढलेल्या, ढकलगाडीसकट, एकात झाडावर उलट्या लटकलेल्या. त्या जगात त्या डोळे मिटून फिरू शकत होत्या. मला दिव्याच्या दोन युक्त्या त्यांनीच शिकवल्या.

स्क्रीनच्या कोपऱ्यात मजकूर उमटला. फक्त मला दिसेल असा. *तोंडातून एक शब्द काढलास तर बघ.*

मी तोंड मिटून घेतलं. गिऱ्हाइकाची गोष्ट गिऱ्हाइकाची. पण पुढची वीस मिनिटं माझ्या सहनशक्तीचा अंत पाहणारी होती. तिघं मिळून तिला शिकवत होते आणि ती मुद्दाम चुकत होती. खुर्चीत बस म्हटलं की खुर्चीवर उभी राहायची. थोरल्यांचा आवाज चढत गेला, बाई “अरे, तिच्या वयाचा तरी विचार कर” असं तिच्यादेखतच म्हणाल्या, आणि अस्वल हसत सुटलं. एकदाची ती खुर्चीत बसली. मी म्हटलं, आता कोणी हलू नका.

“थांबा मॅडम,” बाई म्हणाल्या. “दादा, आईच्या सुरकुत्या जरा कमी वाटत नाहीत? खरी वाटायला हवी ना.”

“मी म्हणालोच होतो,” थोरले म्हणाले.

“एक विचारू?” आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “मला म्हातारी कोणी केली?”

“म्हणजे काय आई? तू आहेस तशीच—”

“आणि तुम्ही आहात तसे आलात? ही बाविशीची. हा अस्वल. तूही पोट घरी ठेवून आलायस, दिसतंय मला. तुम्हाला हवं ते होता येतं. मलाच तेवढी सुरकुत्या मोजून बसवलीत.”

आणि खुर्ची रिकामी झाली.

“काहीतरी भलतंच बटण दाबलं तिनं,” थोरले म्हणाले. “फोन लाव.” अस्वलाने लावला. तिने उचलला नाही. मग कोणामुळे ती चिडली ह्यावर तिघांची जुंपली. सुरुवात सुरकुत्यांपासून झाली आणि पाच मिनिटांत गाडी वडिलांच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं होतं तिथे पोचली. मी आवाज बंद करून चहाचा कप उचलला. तो गार झाला होता.

तेवढ्यात दारातून बागवाली आत आली. बुटांसकट.

थोरल्यांनी तिच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. मी आवाज चालू केला तेव्हा ते सांगत होते, “बाई, आमची वेळ ठरलेली आहे. कुटुंबाचा फोटो चाललाय. बाहेर जा.”

“जाते,” ती म्हणाली. “पण मग आई म्हणून कोणाला बसवणार?”

इतकी शांतता झाली की मला वाटलं, इंटरनेट गेलं.

“आई?” अस्वल हळूच म्हणालं.

“दीड वर्ष येतेय मी इथे.”

“आणि आम्हाला एका शब्दानं नाही सांगितलंस?” बाईंचा आवाज भरून आला होता.

“सांगितलं असतं तर तिघंही शिकवायला आला असतात. आता बघितलं ना, कसं शिकवता ते?” मग तिने भराभर सगळ्यांना जागेवर लावलं. “तू मागे, पंजे खाली. तू माझ्या डावीकडे, आणि केस सारखे झटकू नकोस. आणि तू, त्या दिव्यावरून उतर आधी. घे गं फोटो.”

ती खुर्चीत बसलीच नाही, खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून उभी राहिली. मी फोटो घेतला. खरं सांगते, चांगला आला.

मंगळवारी थोरल्यांचा फोन.

“मॅडम, तो फोटो लावता यायचा नाही. नातेवाईक विचारतील, ही कोण बाई? तुम्ही तिच्या जागी आम्ही केलेली आई बसवून द्या. तुमच्यासाठी पाच मिनिटांचं काम आहे.”

रविवारचा ताप माझ्या डोक्यात होताच. “नाही बसवणार,” मी म्हटलं. “तुमच्या आईने स्वतः उभं राहून काढलेला फोटो आहे. त्यांना विचारा, त्या हो म्हणाल्या तर देते.” गिऱ्हाईक गेलं असं धरूनच मी हे बोलले होते.



“विचारलं,” ते म्हणाले. “ती म्हणाली, मला बघायचं असेल तर बागेत येऊन बघ.” मग जरा थांबून, “काल गेलो होतो. दोनदा तिथल्या तळ्यात पडलो. वर कसं यायचं ते कळेना. तिला फोन करून विचारायचं तर... ती हसेल हो.”

“हसतीलच.”

“तुम्ही दाखवाल का?”

मला दुसरं काम होतं. तरी मी गेले. तळ्याच्या तळाशी ते ताठ उभे होते, जणू मीटिंग सुरू व्हायची वाट बघत. वर यायची कळ मी अकरा वेळा सांगितली. ते दरवेळी “कळलं, कळलं” म्हणायचे आणि आणखी खोल जायचे. शेवटी मी इतकी वैतागले की ओरडलेच, “अहो, माझ्या वयाचा तरी विचार करा!”

ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं. मग कसे कोण जाणे, वर आले.

टेकडीवर बागवाली दगडी पायवाट घालत होती. तिने मुलाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, ‘आलास का’ वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, “तो दगड उचलून इकडे ठेव.”

“कुठलं बटण, आई?”

“सांगते,” ती म्हणाली, आणि दोघांपैकी कोणाचाही आवाज न चढता ते काम चार-पाच मिनिटं चाललं. मग चढला. मी निघाले.