भीती उतरण्याचा दिवस

तिने कळ दाबली. शेजारच्या खोलीतल्या पेटीत शिट्टी वाजली आणि समोरच्या पडद्यावरची उंदरीण जागच्या जागी थिजली. मिशासुद्धा हलेनात.

"मेली की काय गं?" नणंदेने मान पुढे काढली.

"नाही हो वन्सं, घाबरलीय. आधी शिट्टीबरोबर तिला बारीकसा शॉक बसायचा. आता नुसतीच शिट्टी. ऐकून ऐकून भीती उतरते का, ते बघायचं."

"मग आता कशाला घाबरतेय वेडी?"

तिने पुन्हा कळ दाबली. घड्याळाकडे तिने पाठ केली होती. थोड्या वेळाने सोनोग्राफीला निघायचं होतं. नवरा फिरतीवर, म्हणून नणंद सोबतीला आली होती. पोटातलं मूल गेल्याचं त्याच खोलीत कळलं होतं. बोलता बोलता डॉक्टरांनी यंत्राचा पडदा स्वतःकडे वळवून घेतलं होतं. पुन्हा दिवस राहू द्यायचे तर आधी ही तपासणी हवी, असं त्यांनी बजावलं होतं. आणि ती दोनदा त्या दारातून माघारी फिरली होती.

तिच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या माद्या नव्यानेच आल्या होत्या. तोवर सगळी भीती नरांचीच मोजली जायची. माद्यांचं रोज निराळं, आकडे बिघडवतात मेल्या, म्हणून सर हात झटकायचे. तिने हट्टाने त्या मागून घेतल्या होत्या.

"अंगात इस्ट्रोजेन चढलेलं असेल त्या दिवशी पेटीत बसवलं, की लवकर निवळतात," ती म्हणाली. "उतरलेलं असताना बसवलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच थिजतात."

"आणि बायका?"

"बायकांचं इतकं सरळ नाही. पण थोडंफार तसंच असावं."

नणंदेने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"म्हणून गेल्या आठवड्याची तारीख नको म्हणालीस होय? मला वाटलं, टाळतेयस."

तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"माझ्या भावाला मात्र सांगू नकोस हं. बायकोला शेपूट फुटलं म्हणून गावभर सांगत सुटेल."

ती हसली, पडदा बंद केला आणि निघायला उठली.

दवाखान्यातल्या खोलीत अंधार होता. पोटावर थंडगार जेल पडलं. तेच यंत्र गुणगुणू लागलं, तशी तिची नजर छताला खिळली आणि ती जागच्या जागी थिजली. नणंद स्टुलावर पर्स छातीशी धरून बसली होती.

"सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पुसून घ्या. उठा."

ती उठली नाही. डॉक्टरांचा हात बटणाकडे गेला.

"राहू द्या ना चालू. मी नुसता आवाज ऐकत पडून राहते थोडा वेळ."

"अहो, बाहेर पेशंट खोळंबलेत."

"थोडाच वेळ."

डॉक्टरांनी नणंदेकडे पाहिलं. आता तुम्हीच काय ते समजवा, अशा नजरेने. नणंद उठली. पर्स स्टुलावर ठेवली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.