सोयीचा गाऊन

दाराची घंटा वाजली की आईला झोप लागायची. शेजारीण असो, दूधवाला असो की लांबून मुद्दाम भेटायला आलेला भाचा असो, घंटा वाजली रे वाजली की ती भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घ्यायची. पाहुणा चहा प्यायचा, दबक्या आवाजात चार शब्द बोलायचा आणि निघून जायचा. त्याच्या मागे दार लागलं की आईचे डोळे उघडायचे.

"आजारपणच तसं आहे," असं लेक सगळ्यांना सांगायची. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि आईची उजवी बाजू लुळी पडली. जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत होतं. मन ताजंतवानं राहावं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या वेळच्या वेळी चालू होत्या आणि आईचं हे झोपणंही चालू होतं.

ही आई पूर्वी टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. खिडकीतून लोकांना माणूस दिसतो तो गळ्यापासून वर, म्हणून तिची सगळी हौस गळ्याशी! कडक उभी कॉलर, तिच्याआड तिरका बांधलेला रेशमी रुमाल, आणि त्याचा रंग कपड्यांशी कधीच न जुळणारा, तरीही शोभणारा. तिकिटं घ्यायला आलेली माणसं आज कुठला रुमाल म्हणून वाकून बघायची. लेक नीटनेटकं राहायला शिकली ती तिच्याकडे बघूनच. ती शाळेला निघाली की आई तिला दारात थांबवायची, डोक्यापासून पायांपर्यंत एक नजर टाकायची आणि एकच शब्द बोलायची, "ठीक." नाहीतर, "बदल." लेकीला नोकरी लागली, लग्न झालं, पुढे आई तिच्याकडेच राहायला आली, तरी ती नजर काही सुटली नाही. आजारपणानंतर मात्र ती अंगावरून एकदाही फिरली नव्हती. लेक रोज दारात उगाच रेंगाळायची. आईने बघावं, नावं ठेवावीत, रागवावं, काहीही करावं, पण बघावं! तिचा जीव त्या एका नजरेसाठी तळमळत होता.

आई आता ढगळ गाऊनमध्ये असायची. सैल गळा, पुढे चेन, घालायला सोपा, धुवायला सोपा. लेकीनेच घाईघाईत तसले ढीगभर आणले होते. सांभाळायला येणाऱ्या बाई त्यावर खूश होत्या.

लेक कपड्यांच्या मोठ्या दुकानात दर्शनी काचेतले पुतळे सजवायची. एक दिवस एका गिऱ्हाईक बाईने तिला न्याहाळत विचारलं, "तुम्ही किती छान राहता हो! कुणाकडे बघून शिकलात?"

"आईकडे!" लेक म्हणाली आणि बोलतच सुटली. ती कॉलर, ते रुमाल, दारात थांबवणं. सगळं 'बांधायची', 'थांबवायची', 'म्हणायची' असंच.

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "कधी गेल्या?"

लेक गांगरली. "नाही, नाही! आहे ती. घरी आहे."

बाई ओशाळून निघून गेल्या. लेक मात्र हातातल्या टाचण्या घेऊन पुतळ्यापुढे उभीच राहिली. घरी जिवंत असलेल्या आईची ती इथे उभी राहून गेलेल्या माणसासारखी आठवण काढत होती!

त्याच संध्याकाळी शिक्केमावशी आल्या. टपाल कचेरीत आईच्या शेजारच्या टेबलावर त्यांनी जन्मभर पाकिटांवर शिक्के हाणले, म्हणून हे नाव. बोलणंही तसंच, दणकून. नेहमीप्रमाणे आई झोपलेली. मावशी पलंगाशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि तरातरा स्वयंपाकघरात आल्या.

"ती झोपलेली नाही."

"मावशी, आजारच तसा..."

"आजाराच्या नावावर काहीही खपवू नकोस. मी तिच्या शेजारी जन्म काढलाय. अंगात ताप असला तरी कॉलर कडक! अशा बाईला तू पोत्यात भरलंयस आणि वर म्हणतेस, ती तोंड का लपवते?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, तिचा हात वाकत नाही. बटणं लावायची म्हणजे केवढी यातायात! आणि घरात कोण बघतंय?"

"ती बघते ना!" मावशी कडाडल्या. "तिचं अंग लुळं पडलंय, आवड नाही पडली. आज काय घालायचं, असं विचारलंस कधी तिला?"

दुखतंय का, लेक विचारायची. मीठ बरोबर आहे का, विचारायची. हे मात्र वर्षभरात कधी सुचलंच नव्हतं.

"आणि तुझ्या त्या पुतळ्यांचे हात वाकतात होय?" मावशी चपला घालता घालता म्हणाल्या. "त्यांना घालतेस ना बटणांचे कपडे?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. लेकीने आईचं कपाट उघडलं, कॉलरचे दोन सदरे दोन हातांत धरले आणि पलंगाशी बसली.

"आई, आज काय घालायचं?"

आईने तिच्याकडे संशयाने पाहिलं. थट्टा तर नाही ना? मग डावा हात हळूहळू उचलून पांढऱ्या सदऱ्यावर ठेवला. लेकीने बाही गोळा केली आणि पुतळ्याला घालते तशी आधी न वाकणाऱ्या हातात चढवली. वेळ लागला. दोघींनाही घाम फुटला. शेवटी कॉलर उभी राहिली. लेकीने निळा रुमाल काढला.

आईच्या कपाळाला आठी पडली. जड जीभ हलली.

"ब... बदल."

वर्षभराने आईला काहीतरी आवडलं नव्हतं! लेक हसता हसता रडू लागली. तेवढ्या वेळात आईने लेकीच्या चुरगळलेल्या ओढणीवरही नजर टाकून नाक मुरडलं.

पिवळा रुमाल बांधून झाल्यावर आई म्हणाली, "चल. शि... शिक्के."

आईला चाकांच्या खुर्चीत बसवून लेक निघाली. रस्त्यात ओळखीची माणसं थांबली, आईने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. मावशींनी दार उघडलं तेव्हा त्यांचे केस पिंजारलेले, अंगावर हळदीचे डाग पडलेला जुना गाऊन!

"अगंबाई!" म्हणत त्यांनी धाडकन दार लावून घेतलं. आतून ओरडल्या, "थांबा गं! आलेच बदलून! अशी कशी भेटू मी तिला?"

दाराबाहेर आई अर्ध्या ओठांनी हसत सुटली.

तिचा उजवा हात काही परत आला नाही. खिडकीवर ताठ बसणारी ती आई लेकीला अजूनही हवीहवीशी वाटते, पुढेही वाटत राहील. पण आता निदान आहे त्या आईची आठवण काढावी लागत नाही.

मंडळी, नीट राहायला आपण कुणाकडे तरी बघूनच शिकतो. ते माणूस बहुतेक वेळा पडद्यावरचं नसतं, घरातलंच असतं. तेच माणूस थकलं, आजारी पडलं की आपण त्याला धुवायला सोपं पडेल ते घालतो आणि सेवा केली म्हणतो. सेवा हवीच, पण माणसाची आवड मोडून केलेली सेवा त्याला जिवंतपणीच बाजूला सारते. तेव्हा औषध विचारून देता, तसे कपडेही विचारून द्या. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.