माझ्या काखेतला तीळ

भिंतीवर दोन काखा आहेत. डावीकडची घामाने थबथबलेली, तिच्याखाली लिहिलंय 'आधी'. उजवीकडची ठणठणीत कोरडी, तिच्याखाली 'नंतर'. डावी माझी. उजवी माझ्या नणंदेची.

मी या क्लिनिकात मदतनीस. काखेतला घाम बंद करून घ्यायला बायका येतात. मी त्यांच्या काखेला आयोडीन लावते, वाळलं की वर स्टार्चची पूड भुरभुरते. जिथे घाम फुटतो तिथे काळंनिळं होतं. मग डॉक्टरीणबाई त्या काळ्या जागेत बारीक सुया टोचते आणि गिऱ्हाईक काही महिने कोरडं. टोचणारीच्या शेजारी मी उभी, कोटाच्या आत जुन्या बनियनच्या घड्या शिवून लावलेल्या. दुपारपर्यंत त्याही पिळून काढाव्या लागतात.

'आधी'चा फोटो काढताना बाई म्हणाली होती, "तुलाही टोचते गं. मग 'नंतर'चा फोटोही तुझाच. आणि तुला पुढच्या टेबलावर बसवते." पुढचं टेबल म्हणजे आकाशी शर्ट, फुलदाणी, येणाऱ्या बाईला हसून "बसा ना" म्हणायचं. आकाशी रंग घामाची चहाडी करतो, म्हणून तर मी मागे, बोळे आणि बादल्यांत. मी लाज गुंडाळून हात वर केला.

मग माझीच अक्कल शेण खायला गेली. नणंद घरात रिकामी बसली होती, म्हणून मीच तिला क्लिनिकात चिकटवली. घोडी झाली तरी घरात सगळे तिला छकुली म्हणतात. छकुलीला घाम येत नाही. भर उन्हात जिना चढून येते तरी कपाळ कोरडं. "पहिल्यापासून तशीच आहे ती," सासू सांगते, पोरीने परीक्षा देऊन मिळवल्यासारखं. "तिचा कपडा दोनदा घातला तरी वास म्हणून नाही." आणि हे म्हणताना बघते माझ्याकडे.

बाईने छकुलीची काख बघितली आणि औषध वाचवलं. तिचाच फोटो काढून माझ्या शेजारी डकवला. मी विचारलं तर म्हणाली, "करू गं तुझंही. पळून का जातेय तुझी काख?" खरंय. ती ओली राहण्यातच बाईचा फायदा होता.

रोज सकाळी दिवे लावताना मी त्या भिंतीसमोरून जायची. माणसाला दुसऱ्याचं घर बघून जळावंसं वाटतं, दागिने बघून वाटतं. मी एका काखेवर जळत होते. हसायचं तर हसा.

मग एक चष्मेवाली आली. फोटोला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो डॉक्टर, घामाबरोबर तीळही जातो का?"

माझ्या काखेत तीळ आहे, मसुराएवढा. 'आधी'त तो होता, 'नंतर'मध्ये कुठे असणार!

"उजेडाचा फरक आहे हो," बाई न अडखळता म्हणाली. "शनिवारी मैत्रिणींना घेऊन या. तीच मुलगी प्रत्यक्ष दाखवते."

शनिवारी तिने भुवया कोरायची पेन्सिल माझ्या हातात दिली. "छकुलीच्या काखेत तुझा तीळ काढ. जागा तुला ठाऊक आहे. आयोडीन लावताना मात्र त्याला धक्का लागू देऊ नकोस. आज निभावलं तर पुढचं टेबल तिचं."

"आणि मी?"

"अगं, मागचं तुझ्याइतकं कोण सांभाळणार?"

छकुली हात डोक्यावर घेऊन पडली. "वहिनी, हळू ना, गुदगुल्या होतात! दादाला माहितेय का हा तीळ?"

"तुझ्या दादाला माझा चेहरा धड आठवत असेल तरी पुष्कळ."

ती खिदळली. मी तीळ काढला. माझ्या अंगावर तो चिखलाचा शिंतोडा वाटतो. तिच्या अंगावर दागिना दिसत होता. माझ्या पोटात जे पेटलं ते सांगायला शब्द नाही, शिवी आहे. मनात एकच: दिव्याखाली हिला घाम फुटू दे. थेंबभर तरी फुटू दे.

बायका गोल करून उभ्या राहिल्या. मी आयोडीन लावलं, पूड भुरभुरली. दिवा डोक्यावर तापत होता. माझ्या कोपरापर्यंत धार आली, छकुलीची काख मात्र पिवळी ती पिवळीच. काळा ठिपका एकच, माझा.

"तीच आहे हो," चष्मेवाली वाकून म्हणाली. "तीळ आहे."

बाईने छकुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारपासून ही तुम्हाला पुढच्या टेबलावर भेटेल."

मी स्पिरिटचा बोळा उचलला आणि छकुलीचा तीळ पुसला. एका फटक्यात. मग कोट उतरवला, बनियनच्या घड्या ओरबाडून बादलीत भिरकावल्या आणि हात वर केला.

"तीळ इथे आहे," मी म्हणाले. "माझा आहे."

"वहिनी!" छकुली किंचाळली. बाई पांढरी पडली. सत्याची चाड वगैरे मला काही नव्हती. माझी वस्तू मला परत हवी होती.

आता आरडाओरडा होणार, नोकरी जाणार, असं मला वाटलं. चष्मेवाली मात्र माझ्या काखेकडे बघत राहिली, बाजारात माल पारखावा तशी.

"मग हिलाच टोचा ना," ती म्हणाली. "आमच्यासमोर. हिचा घाम थांबला तर आम्ही सगळ्या येऊ. नाहीतर बाहेर जाऊन सांगूच."

बाईने दात आवळून टोचलं. एकेक सुई मुद्दाम खोल घालत असावी. मी हात वरच ठेवला.

आठवडा उलटला आणि माझी काख कोरडी झाली. आता भिंतीवर दोन्ही फोटो माझे, दोन्हींत तीळ. मी आकाशी शर्ट विकत घेतला, इस्त्री करून सोमवारी गेले.

पुढच्या टेबलावर छकुली बसली होती. "तिला हसता येतं गं," बाई म्हणाली. "तुझं तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं."

छकुलीने हनुवटीवर पेन्सिलीने तीळ काढला होता. आलेली प्रत्येक बाई थांबत होती, "किती गोड दिसतो गं!" म्हणत होती.

"वहिनी, शोभतो ना?" तिने विचारलं.

माझी काख कोरडी होती. कपाळावरून पाणी गळत होतं.

"शोभतो," मी म्हणाले, आणि बोळे भिजवायला मागे गेले.